मुंबई–न्यूयॉर्क, सरळ रेषेत

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. ताशी 900 ने भागा, उत्तर चौदा तास. गणितात पैकीच्या पैकी! आता विमानाला ते पटलं की झालं.

ही सरळ रेषा पृथ्वीच्या गोलावरची. सपाट नकाशावर ती उत्तरेकडे भरपूर वाकते आणि वाटेत कुणाकुणाच्या आकाशातून जाते. रशियाने 2022 मध्ये अमेरिकी कंपन्यांना आकाश बंद केलं, पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना. म्हणजे विमान कोणत्या देशाचं, यावर पृथ्वीचा घेर ठरतो. त्यात जाताना वारा समोरून, येताना पाठीशी. म्हणून जायला पंधरा-सोळा तासही लागतात. नशीब, वारा व्हिसा मागत नाही.

पण हे झालं धावपट्टी ते धावपट्टी. पुण्याच्या काकूंचं विमान मध्यरात्रीनंतरचं. तरी दुपारीच निघायचं, कारण घाट. घाटात एक ट्रक आडवा झाला, तर ताशी 900 चं काय लोणचं घालायचंय?

आणि त्याही आधी वजनकाटा. मर्यादा 23 किलोची, बॅग साडेचोवीस. भाजणी काढू की गोडा मसाला? तेवढ्यात न्यू जर्सीहून मुलाचा फोन : ‘‘आई, इथे सगळं मिळतं गं!’’ काकू ‘‘हो रे बाळा’’ म्हणतात, फोन ठेवतात आणि बॅगेतून काकांचा स्वेटर बाहेर काढतात.