तत्त्वतः येरेवान

कॉकेशसमध्ये राजधान्या तीन. त्यांतल्या बाकू आणि तिबिलिसी या दोन आता हातच्या गेल्या. तुमच्या सोसायटीतल्या एका तरी जोडप्याने तिबिलिसीच्या केबलकारमधून रील टाकलेलं असणार, आणि बाकूच्या त्या ज्वाळांच्या आकाराच्या तीन मनोऱ्यांपुढे कुणाच्या तरी मेहुण्याने हात पसरून फोटो काढलेला असणार. तिथे जाऊन आता कुणाची पत वाढत नाही. उरलं येरेवान, आर्मेनियाची राजधानी. सबब, चार दिवसांची रजा, बेताचं बजेट आणि ‘आम्ही जरा वेगळीकडे जाऊन आलो’ हे वाक्य उच्चारण्याची निकड, या तिन्ही गोष्टी ज्यांच्यापाशी एकाच वेळी जमल्या आहेत अशा गरजूंसाठी पुढील सूचना.

नियोजनाची सुरुवात तिकिटापासून होत नाही, घोषणेपासून होते. ती कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रविवारी दुपारी, मंडळी जेवून आडवी झालेली असताना करावी. पहिला प्रतिसाद नाशिकच्या काकांचा येईल : ‘रोमानिया ना? द्राक्षं छान असतात तिकडे.’ काकांना दुखवू नये. देश चुकला तरी द्राक्षांचं त्यांचं बरोबर आहे. आर्मेनियातल्या अरेनी गावच्या गुहेत सुमारे ६,००० वर्षांपूर्वीची वाइन गाळायची जागा सापडलेली आहे, द्राक्षं तुडवायच्या कुंडासकट. त्यानंतर आत्या विचारतील, ‘तिथे युद्ध चालू आहे ना रे?’ आणि मग कुणीतरी नुसताच हात जोडलेला इमोजी टाकेल. त्याचा अर्थ लावत बसू नये.

या प्रश्नांना उत्तरं कशी द्यावीत, याची पद्धत मात्र येरेवाननेच घालून दिलेली आहे. सोव्हिएत काळात ‘रेडिओ येरेवान’ या नावाने विनोदांचं एक स्वतंत्र घराणंच होतं. श्रोता प्रश्न विचारतो आणि रेडिओ उत्तर देतो, ‘तत्त्वतः होय, पण…’ अमक्याला लॉटरीत मोटार लागली हे खरं का? तत्त्वतः होय, पण मोटार नव्हे, सायकल, आणि लागली नाही, चोरीला गेली. नातेवाइकांसाठी याहून चांगला नमुना आजवर तयार झालेला नाही. ‘हे युरोपात येतं का?’ तत्त्वतः होय, पण नकाशा उघडू नका. ‘स्वस्त पडतं म्हणे?’ तत्त्वतः होय, पण तिथे पोचल्यावर. ‘शाकाहारी मिळतं का?’ या प्रश्नाकडे आपण सवडीने येऊ.

ज्यांचा धीर होत नाही त्यांनी आधी मुंबईत सराव करावा. फोर्टमध्ये नगीनदास मास्टर रोडवर, म्हणजे जुन्या मेडोज स्ट्रीटवर, सेंट पीटर्स आर्मेनियन चर्च आहे, १७९६ सालचं. आर्मेनियन व्यापारी सुरतेत, मुंबईत, मद्रासेत, कलकत्त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिले. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक ‘अझदरार’ १७९४ साली निघालं ते येरेवानमध्ये नव्हे, मद्रासेत. तेव्हा ‘कुठलं कोण ते आर्मेनिया’ म्हणणाऱ्याला शांतपणे सांगावं की ते लोक आपल्याकडे येऊन, चर्च बांधून, नियतकालिक काढून बसले, तेव्हा आपल्याकडे पेशवाई चालू होती. परतफेडीची भेट द्यायला आपल्याला अंमळ उशीरच झालाय.

मार्गाबद्दल थोडक्यात. शारजा किंवा दुबईवरून जावं. ‘एका फेरीत बाकू, तिबिलिसी, येरेवान तिन्ही उरकू’ असा बेत करणाऱ्याने ध्यानात घ्यावं की आर्मेनियाला शेजारी चार आणि त्यांपैकी दोघांशी दार बंद. तुर्कस्तानची सीमा १९९३मध्ये बंद झाली, आणि अझरबैजानशी कशी आहे हे आत्यांना ठाऊकच आहे. जॉर्जिया आणि इराण तेवढे उघडे. बाकूहून येरेवानला जायचं तर तिबिलिसीचा वळसा घ्यावा लागतो. व्हिसा ऑनलाइन मिळतो. त्यातलं काही सोपं वाटलं तर आपण चुकीच्या पानावर आहोत असं समजून पुन्हा तपासावं.

आता वेळापत्रक. मराठी पर्यटनाची घटना तीन आकड्यांची : सहा, सात, आठ. सहाला उठणं, सातला नाश्ता, आठला बस. येरेवानला ही घटना मान्य नाही. तिथलं शहर दहा-अकराला डोळे उघडतं, पहिली कॉफी दाट आणि अतिशय सावकाश पितं, आणि मध्यरात्री अबोव्यान रस्त्यावरून पोरंबाळं घेऊन फिरत असतं. त्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. घरी साडेपाचला उठणाऱ्या सासूबाई येरेवानमध्ये पहाटे चारला टक्क जाग्या होतात, आंघोळ करून पर्स घेऊन खुर्चीत बसतात आणि विचारतात, ‘आता काय पाहायचं?’

खरं उत्तर असं की येरेवानची सगळ्यात मोठी पाहण्यासारखी गोष्ट येरेवानमध्ये नाही, आर्मेनियातही नाही. अरारात पर्वत, ५,१३७ मीटर, बायबलातल्या नोहाची नौका ज्या मुलखात टेकली म्हणतात तोच, आर्मेनियाच्या राजमुद्रेवर आहे, ब्रँडीच्या बाटलीवर आहे, सिमेंटच्या पोत्यावर आहे, आणि उभा आहे बंद सीमेपलीकडे तुर्कस्तानात. शिवाय तो रोज हजर असतोच असं नाही. उन्हाळ्यात दिवस चढला की धुरकट होऊन हळूहळू नाहीसा होतो. दहा वाजता उठणारे पर्यटक दुपारी कास्केड नावाच्या जिन्यावर चढून दक्षिणेकडे बोट दाखवतात आणि एकमेकांना पांढरं आभाळ समजावून सांगतात. मात्र जूनमध्ये साडेपाचला सूर्य उगवतो तेव्हा हवा स्वच्छ असते, रस्ते मोकळे असतात, आणि मोठा नि धाकटा असे दोन्ही अरारात गुडघ्यापासून डोक्यापर्यंत गुलाबी दिसतात. संपूर्ण शहरात त्या वेळी जागे असतात रस्ते झाडणारे आणि सासूबाई. सहा-सात-आठची घटना जगात कुठे उपयोगी पडत असेल तर इथे. मात्र त्यानंतरचे चार तास काय करायचं, हे घटनेत दिलेलं नाही. त्यातला एक सासूबाईंना नदीपलीकडचा आर्मेनियन वाटणारा डोंगर तुर्कस्तानात कसा, हे सांगण्यात जाईल. व्हिसा एकच घेतला आणि देश दोन पाहिले, या हिशेबाने त्या खूश होतील.

कास्केड म्हणजे टेकडीच्या उतारावर रचलेला चुनखडीच्या दगडाचा अवाढव्य जिना, पायऱ्या ५७२. पर्वती पाच वेळा चढलात तरी इतक्या होत नाहीत. सोव्हिएत राजवटीत काम सुरू झालं, १९८८चा भूकंप आला, मग देशच बदलला, आणि जिना अर्धवट राहिला. पुढे एका अमेरिकन-आर्मेनियन धनिकाने त्यात हात घातला आणि २००९मध्ये तिथे कलाकेंद्र उघडलं. आत, टेकडीच्या पोटातून, सरकते जिने आहेत. मराठी पुरुषाने ते दिसले नाहीत असं दाखवून बाहेरून चढावं. कुटुंब आतून वर जातं आणि वाटेत शिल्पं पाहतं. पायथ्याशी शिल्पकार बोतेरोची ब्राँझची लठ्ठ काळी मांजर आहे. आल्या-गेल्या प्रत्येक मुलाने तिला हात लावलेला असतो, आपणही लावावा. जवळच नकाशावर दोन्ही हात टेकून वाकलेला दगडी गृहस्थ म्हणजे वास्तुविशारद अलेक्सांद्र तमान्यान. आज दिसतं ते गुलाबी दगडाचं, गोलाकार रस्त्यांचं शहर त्याच्या १९२४च्या आराखड्यातून आलं. शहराच्या मधोमध रिपब्लिक चौक आहे. तिथला लेनिन १९९१मध्ये उतरवला, कारंजी ठेवली. डोंगरावरच्या चौथऱ्यावर आधी स्टालिन होता, आता तिथे तलवार घेतलेली ‘माता आर्मेनिया’ उभी आहे. चौथरा तोच. या शहरात पुतळ्यांपेक्षा चौथरे टिकाऊ निघाले, एवढी नोंद इतिहासप्रेमींनी करावी.

एक ठिकाण मात्र उरकू नये. मातेनादारान. हे जुन्या हस्तलिखितांचं भांडार. बाहेर मेस्रोप माश्तोत्स बसलेला आहे, ज्याने सन ४०५च्या सुमारास आर्मेनियन लिपी घडवली. टूरवाले इथे अर्धा तास देतात. त्यातली वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत जातात. आत काचेमागे एक ग्रंथ आहे, बाराव्या-तेराव्या शतकाच्या सांध्यावर लिहिलेला, मुश गावच्या मठातला. वजन २८ किलो. कातड्याची पानं, एकेक पान अंगावर पांघरता येईल एवढं. १९१५मध्ये ऑटोमन राजवटीत आर्मेनियनांचा संहार सुरू झाला तेव्हा जीव घेऊन पळणाऱ्या दोन बायकांना तो ग्रंथ ओसाड मठात सापडला. एकटीला उचलेना. त्यांनी तो मधोमध फाडून दोघींत वाटून घेतला. एक अर्धा भाग एच्मियाद्झिनला पोचला, दुसरा वाटेत एर्झुरूमच्या मठाच्या आवारात पुरला गेला आणि नंतर सापडला. विमानात तेवीस किलोंची मर्यादा ओलांडली म्हणून काउंटरशी हुज्जत घालून आलेल्यांनी या काचेपुढे थोडं जास्त थांबावं. त्याच्याशेजारी १४३४चं एक पंचांगवजा पुस्तक आहे, १९ ग्रॅमचं. ते भिंगातून पाहायचं.

त्याच दिवशी त्सित्सेर्नाकाबेर्दच्या टेकडीवर जावं. संहाराचं स्मारक, १९६७चं : ४४ मीटरचा सुळका, आत कललेल्या बारा शिळा आणि मधे अखंड ज्योत. सेल्फी काढू नये, आणि कुणी काढत असेल तर ओळख दाखवू नये.

प्रवास सोपा. मेट्रो १९८१ची, स्थानकं दहा. पाण्याची बाटली विकत घेऊ नये. रस्तोरस्ती दगडी ‘पुलपुलाक’ आहेत, खालून वर उडणाऱ्या पाण्याच्या धारा. वाकायचं, ओठ न लावता प्यायचं, नाकात गेलं तर आजूबाजूला पाहायचं नाही. बागेत बाकावर बुद्धिबळ मांडून बसलेल्या आजोबांनी ‘या, बसा’ अशी खूण केली तर पोटदुखीचं निमित्त सांगावं. बुद्धिबळातला जगज्जेता तिग्रान पेत्रोस्यान याला डोक्यावर घेणारं गाव आहे ते, आणि २०११पासून तिथे शाळेत बुद्धिबळ सक्तीचं. आजोबांना टाळलंत तरी शेजारचा नातू आहेच.

आता शाकाहार. वेटर विचारेल, आपण ‘नो मीट’ म्हणाल, तो समजूतदारपणे मान हलवेल आणि चिकन आणेल. त्याचा दोष नाही. खोरोवात्स, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस, हे तिथे जेवण नसून पुरुषांचं कर्तव्य आहे. हिवाळ्यात तर रात्रभर उकळलेल्या गुरांच्या पायांचा खाश सकाळी लसूण आणि व्होडकासोबत खातात. ज्यांच्या घरी हे चालणार नाही त्यांनी घरी सांगूही नये. मार्ग एकच : उपास. आर्मेनियन चर्चच्या उपासाला दूध, अंडी, मांस काहीच चालत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे ‘पासुत्स तोल्मा’ आहे, कोबीच्या पानात गुंडाळलेली मसूर, हरभरे, राजमा. आपल्याकडे उपासाला जे जे वर्ज्य, नेमकं तेच ताटात. आषाढी एकादशीला तिथे असाल तर तत्त्वतः सोय होते, पण धर्मसंकट उभं राहतं. त्याशिवाय झेंग्यालोव हात्स आहे, डझनभर रानभाज्या भरलेली पातळ पोळी. ती भाजणाऱ्या बाईंसमोर उभं राहूनच खावी. तोनीर म्हणजे तिथल्या तंदूरच्या भिंतीवर थापलेला लावाश, म्हणजे पातळ रोटी, ऐन गरम असतानाच्या पाच मिनिटांत संपवावा. आणि ‘तान’ मागवावं. ते ताक आहे. इथे मंडळींचे डोळे पाणावतात आणि पिशवीतले ठेपले परत मुंबईला जातात.

महिना निवडताना ईस्टरनंतरचा अठ्ठ्याण्णवावा दिवस पाहून घ्यावा. त्या दिवशी वार्दावार असतो आणि कुणीही कुणावरही बादलीभर पाणी ओततो, गच्चीतून, गाडीतून, चर्चच्या दारात. परदेशी पाहुणा म्हणून सवलत नाही, उलट प्राधान्य मिळतं.

शेवटची सकाळ वेर्निसाजच्या बाजारात. गालिचे, सोव्हिएत बिल्ले, कोरीव दगडी क्रूस, जुने कॅमेरे. घासाघीस चालते, पण विक्रेत्याने स्वतःहून कॉफी पुढे केली की भाव ठरला असं समजावं. भेटींसाठी जर्दाळू घ्यावेत. त्या फळाच्या शास्त्रीय नावातच आर्मेनिया आहे, तरीही मावशी म्हणतील, ‘अगंबाई, हे तर क्रॉफर्ड मार्केटलाही मिळतात.’ ब्रँडी माणशी दोन लिटरपर्यंत आणता येते. ज्यांच्या घरी ती चालत नाही त्यांनी केकसाठी आणली असं सांगावं, आणि मग नाताळपर्यंत दर पंधरा दिवसांनी केक करावा.