सोळा इंची पेसमेकर

१२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात एलियुड किपचोगेने मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापलं. दिमतीला आळीपाळीने ४१ पेसमेकर, पुढे रस्त्यावर लेझरच्या रेघा मारणारी मोटार, आणि बाटली हातात आणून देणारे सायकलस्वार. एवढी बडदास्त ठेवल्यावर अधिकृत विक्रम कोण मानणार? मानला नाहीच.

पुण्यात रविवारी सकाळी हीच योजना काटकसरीत राबवतात. सायकलवर चिरंजीव, शेजारी धावते बाबा. ‘त्याचाही व्यायाम, माझाही!’ हा हिशेब आई मुकाट मान्य करते, कारण तिला तासभर घर रिकामं मिळतं. बाटली सायकलला अडकवलेली. ती रिकामी करतो तो बसून जाणारा. उतारावर चिरंजीव दिसेनासे होतात, चढावर ‘बाबा, ढकल ना!’ उरली सपाटी. तिथे कुत्र्याचं पिल्लू दिसतं, करकचून ब्रेक लागतो आणि मागे धावणाऱ्याच्या नडगीला पेडलचा प्रसाद मिळतो.

सायकल ट्रॅक नाहीत असं नाही. महापालिकेने बांधलेत, त्यांवर लोक स्कूटर लावतात. सायकल आणि बाप दोघे मग बसच्या वाटेत.

घरी आल्यावर बाबा घड्याळातला सरासरी वेग बघून घड्याळालाच दोष देतात. तोवर आत आजीला अहवाल सादर झालेला असतो : “बाबाला जोरात पळता येत नाही गं. मीच थांबतो त्याच्यासाठी.”

“थांबत जा हो,” आजी म्हणते, “लहानपणापासून तसाच आहे तो.”