आधी कुणी हात लावला होता?

जुन्या मारुती ८००चं बोनेट उघडलं की नांदेडचा वायरिंगवाला इंजिनकडे बघत नाही, मालकाकडे बघतो. मग विचारतो, "याला आधी कुणी हात लावला होता?" "लातूरला दाखवली होती," असं मालक म्हणाला की त्याचा चेहरा उजळतो. निदान झालं. पुढं तपासायची गरजच उरत नाही. हीच गाडी लातूरला औसा रोडवर नेऊन उभी करा, तिथला मिस्त्री म्हणेल, "नांदेडच्यानं लै घाण करून ठेवलीय सर." या दोन जिल्ह्यांनी मिळून राज्याला चार मुख्यमंत्री दिले आहेत, त्यामुळे दोष आधीच्याचा आणि बिल आताच्याचं हे शास्त्र आमच्याकडे गल्लीपर्यंत झिरपलेलं आहे. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हे भांडण जेवढं जुनं, तेवढीच जुनी ही दोन शहरांतली वायर.

मारुती ८००ची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हातून १४ डिसेंबर १९८३ला दिली गेली आणि जानेवारी २०१४मध्ये कारखान्यानं ती गाडी बनवणं थांबवलं. कारखान्यानं सोडलं, मराठवाड्यानं नाही. एमएच-२६ आणि एमएच-२४च्या पाट्या लावून ती अजून बाजार, दवाखाना, लग्न आणि मयत करते आहे. मुळात तिच्यात वीज खाणारं होतं काय? दोन हेडलाईट, वायपर, हॉर्न, इंजिनपुढचा पंखा, आतला एक पिवळट दिवा. ३५ अँपियर-अवरच्या बॅटरीत संसार भागत होता. मग पहिल्या मालकानं टेप बसवला. दुसऱ्यानं अँप्लिफायर आणि डिकीत डबा. तिसऱ्यानं सेंट्रल लॉक, फॉग लॅम्प आणि गाडी मागं घेताना गाणं म्हणणारा हॉर्न. चौथ्यानं मोबाईलचा चार्जर आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीमागं फिरणारं रंगीत चक्र. प्रत्येकानं नवी वायर ओढली, जुनी कुणीच काढली नाही. डॅशबोर्डखाली हात घातला तर आज गाडीचा सगळा सातबारा लागतो, फेरफारासकट.

नांदेडात आमच्या तरोड्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक अशाच एका १९९९च्या गाडीचे चौथे धनी. गुरुजींनी गाडीचा स्वभाव वहीत लिहून ठेवला होता. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणतो. हॉर्न वाजवला की टेप थांबतो. वायपर लावला की हेडलाईट पेंगतात. सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक् असा आवाज, मग गल्लीतली पोरं धक्क्याला. या लक्षणांवर गुरुजींनी बॅटरी बदलली. पुन्हा बदलली. मग डायनामो भरून घेतला, मग सेल्फ उघडला. प्रत्येक नवा भाग बसला की आठवडाभर गाडी गुणी लेकरासारखी वागायची. काही झालं तरी निवडणुकीनंतरचा पहिला आठवडा बरा जातोच.

आता ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर का पेटावा? कारण मागच्या दिव्याचा अर्थ तुटलेला असतो. करंट बल्बमधून पत्र्यावर उतरून बॅटरीकडे परत जायला बघतो, तिथं गंज असतो, मग तो शेजारच्या बल्बच्या घरात शिरून तिथून वाट काढतो. बिचारा चोर नाही, रस्ता बंद असलेला प्रवासी आहे. पण हे कुणी सांगत नाही, कारण बोल्ट घासण्याचं बिल कुणाला लावता येत नाही. बॅटरीचं लावता येतं.

या सगळ्यात फ्यूज हा गाडीतला एकमेव प्रामाणिक अधिकारी. नेमून दिल्यापेक्षा जास्त करंट जाऊ लागला की स्वतः जळतो, पण सही करत नाही. साहजिकच त्याची बदली होते. १०च्या जागी २०चा येतो, तो जरा समजूतदार असतो. तोही उडाला तर ३०चा. शेवटी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवतात, ती कशालाच हरकत घेत नाही. मग फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते. वास आला की काच खाली करायची.

दुसरं रामबाण औषध म्हणजे, "डायरेक्ट करून देऊ का?" पंख्याचा स्विच सापडत नाही, पंखा डायरेक्ट. हॉर्नचा रिले गेला, हॉर्न डायरेक्ट. मधलं सगळं वगळायचं आणि बॅटरीपासून थेट वायर ओढायची, तीही घरच्या फिटिंगची एकतारी, जी भिंतीत पन्नास वर्षं टिकते आणि गाडीच्या हादऱ्यानं पन्नास दिवसांत तुटते. लातूरला हे तंत्र शिकवायला नको. २०१६च्या एप्रिलात मांजरा धरण आटलं तेव्हा अख्खं शहरच मिरजेवरून डायरेक्ट केलं होतं. रेल्वेच्या पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी धावली. माणसं तहानलेली होती, त्यात नाव ठेवण्यासारखं काही नाही, उलट कौतुकच. पाऊस झाल्यावर ती गाडी थांबली. उजनी धरणाचं पाणी मात्र त्याआधीही येणारच होतं आणि आताही येणारच आहे.

रात्रीच्या नांदेड-लातूर रस्त्यावर या शास्त्राची परीक्षा होते. लोहा सोडलं की समोरून येणारा ट्रक सूर्य घेऊन येतो आणि आपले दिवे समईएवढे. दुकानदार म्हणतो, १३०/१००चा बल्ब टाका. कारखान्याचा ६०/५५ वॉटचा. दोन्ही डिपर मिळून ११० वॉट, म्हणजे साधारण नऊ अँपियर. नव्या बल्बांचा अप्पर लावला की २६० वॉट, बावीस अँपियरच्या आसपास. ते सगळे स्टिअरिंगजवळच्या त्याच बोटभर दांडीतून आणि पंचवीस वर्षांच्या त्याच बारीक वायरीतून जायचे. अहमदपूर येईपर्यंत दांडीचा कपलर मऊ होतो.

खरी गंमत पुढं आहे. बॅटरीवर १२.६ व्होल्ट असताना बल्बच्या पायाशी मोजलं तर अशा गाडीत साडेदहा मिळतात. दोन व्होल्ट वाटेतच खाल्ले. योजनेच्या मानानं ही गळती किरकोळ वाटेल, पण बल्बचं गणित सरकारी नाही. व्होल्ट सोळा-सतरा टक्के घटले की उजेड जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे जुना बल्ब वाईट नव्हता, त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

उंदरांवर स्वतंत्र सदर लिहावं लागेल. आडत बाजारात सोयाबीन आणि तुरीची पोती पडलेली असताना लातूरचा उंदीर बोनेटखाली येऊन वायर का खातो, हा प्रश्न अनेकांनी मला विचारला आहे. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्याला ते कशावर तरी घासावे लागतात, एवढंच. अमेरिकेत मात्र २०१६मध्ये टोयोटाचे काही मालक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, वायरींच्या आवरणात सोयाबीन वापरल्यामुळे उंदीर येतात. तसल्या वायरी आमच्याकडे आल्या तर आमचा शेतकरी आधी हमीभाव विचारेल. तोवर डांबरगोळ्या आणि तंबाखूच्या पुड्या बोनेटखाली ठेवायची पद्धत चालू आहे. उंदरांना त्याची सवय लागते, मालकाला शिंका येतात.

सरकारही जुन्या गाडीची काळजी घेतंच. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क २०२२च्या एप्रिलपासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं. २०१९च्या एप्रिलपूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षित नंबरपाटी सक्तीची झाली आणि तिची मुदत २०२५मध्ये इतक्यांदा वाढली की लोक पाटीपेक्षा पुढच्या तारखेची वाट बघू लागले. गुरुजींनी पाटी पहिल्या मुदतीत बसवली. लेझरचा आकडा, चकाकणारं होलोग्राम, सगळं चोख. तिच्यावर उजेड पाडणारा बल्ब गाडी घेतल्यापासून बंदच होता.

गुरुजींची मुलगी लातूरला असते. तिच्याकडे गेले असताना गाडी रेणापूर नाक्याजवळ बंद पडली. तिथं आयटीआय झालेला एक पोरगा एकटाच बसतो. त्यानं कुणी हात लावला होता वगैरे विचारलंच नाही, तेव्हाच गुरुजींना तो कच्चा वाटला. त्यानं मल्टिमीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनच्या लोखंडाला आणि म्हणाला, "मारा सेल्फ." काट्यानं दीड व्होल्ट दाखवला. तिथं अर्धाही नको असतो. पोरानं इंजिनवरचा अर्थचा बोल्ट सोडला, खाली हिरवट बुरशी आणि काळं तेल. पॉलिश पेपरनं पत्रा पांढरा होईतो घासला, नवा लग दाबून बसवला, वर व्हॅसलीन. सेल्फ अर्ध्या फिरकीत लागला. मग गाडी बंद करून मीटर बॅटरीच्या वायरीत ओढून बसवला. अर्धा अँपियर गळत होता, त्या हिशोबानं भरलेली बॅटरी तीन दिवसांत कोरडी. एकेक फ्यूज काढत गेला आणि डिकीतल्या मेलेल्या अँप्लिफायरपाशी काटा खाली आला.

हेडलाईटला त्यानं दोन रिले लावले. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर रिलेला, रिलेतून बल्बला. दांडीनं आता फक्त हुकूम द्यायचा, वजन उचलायचं नाही. बल्ब पुन्हा ६०/५५चे. गुरुजी कुरकुरले, "कमी पॉवरचे घालूलालास की रे." पोरानं दिवे लावून समोरच्या शटरवर उजेड दाखवला, तेव्हा गप्प झाले.

शेवटी त्यानं डॅशबोर्डखालून ज्या वायरी कुठंच जात नव्हत्या त्या ओढून काढल्या. वीतभर उंचीचा गुंता झाला. शेजारच्या भंगारवाल्यानं तांब्याच्या भावानं तोलून घेतला, त्यात दोघांचा चहा आणि वर भजी झाली. गुरुजींना मात्र हिशोब लागेना. "मग इतकी वर्षं हा करंट जाऊलालता तरी कुठून?"

"जात कुठं होता गुरुजी," पोरगा म्हणाला. "म्हणून तर आलाव."