ॲशबर्नकरांना मोदक फार आवडतात

‘चालू स्थितीतील मराठी पाककृतींची वेबसाइट विकणे आहे. महिना दोन लाख भेटी. घरबसल्या उत्पन्न. मालकास वेळ नसल्याने.’ वेळ नसल्याचे लगेच पटले. महिना दोन लाख पाहुण्यांची उठबस करणाऱ्याला वेळ कुठून असणार?

अशा वेबसाइटचा भाव महिन्याच्या नफ्याच्या तीस-चाळीस पट लावतात. नफा जाहिरातींचा, जाहिराती भेटींवर. म्हणून मालकाने पुराव्यादाखल भेटींचा आलेख जोडला होता; त्यात भेटींच्या वेळा, स्क्रीनचे आकार आणि बहुतेक पाहुण्यांचे गावही होते: ॲशबर्न.

ॲशबर्न अमेरिकेत, व्हर्जिनियात. 2020च्या जनगणनेत लोकसंख्या 46 हजारांच्या आसपास. या गावातून महिन्याला एक लाख ऐंशी हजार भेटी, त्याही थेट उकडीच्या मोदकांच्या पानावर. म्हणजे पाळण्यातले तान्हे धरून प्रत्येक ॲशबर्नकर महिन्यातून चारदा उकड काढायला शिकतो. गावात भारतीय बरेच आहेत, त्यात मराठी घरेही असतील, मान्य. पण पहाटे तीन वाजता? दुपारी तीनला जितके, तितकेच पहाटे तीनला! या गावाला झोप नाही, रविवार नाही, ऑफिस नाही. एका भेटीचा सरासरी वेळ एक सेकंद. एवढ्यात पिठी, पाणी, तुपाचा थेंब, सारण आणि एकवीस पाकळ्या वाचून होतात. सगळ्यांच्या स्क्रीनचा आकारही एकच, 800 बाय 600. म्हणजे अख्ख्या गावाने नव्वदच्या दशकातले मॉनिटर जपून ठेवलेत. आणि कहर म्हणजे भाद्रपद! गणेश चतुर्थीच्या आठवड्यात मोदकांच्या पानावरची रेघ तसूभरही वर जात नाही. ज्येष्ठात जेवढे मोदक, तेवढेच चतुर्थीला. शिवाय एवढ्या गर्दीत एकानेही ‘सारणात खसखस कशाला?’ म्हणून भांडण काढलेले नाही. दोन लाख मराठी वाचक आणि खसखशीवर एकमत! इथेच पोलिसांना बोलवायला हवे होते.

ॲशबर्नमध्ये माणसांपेक्षा यंत्रांचा राबता मोठा. परिसरात प्रचंड डेटा सेंटर आहेत, त्यातले सर्व्हर तासाच्या भाड्याने मिळतात. भाडे भरायचे, एक प्रोग्राम सोडायचा, तो रात्रंदिवस पान उघडतो आणि मिटतो. सभेला ट्रक भरून माणसे आणतात तसेच हे, फक्त त्या माणसांना निदान वडापाव द्यावा लागतो आणि भाषण लांबले तर ती उठून जातात. हे पाहुणे उपाशीपोटी येतात आणि कुणाच्या बापाला तक्रार करत नाहीत.

इथवर हसू येते. पुढे येत नाही. कारण तो आलेख म्हणजे स्क्रीनशॉट असतो. ब्राउझरमध्ये पानावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडले की शाळकरी पोरगासुद्धा दोनशेचे दोन लाख करून फोटो काढतो. भेटी मोजणारे अ‍ॅनालिटिक्स बघण्यापुरता प्रवेश द्या म्हटले की मालक दुखावतो: ‘विश्वास नाही का?’ निवृत्तीच्या पैशातून ‘घरबसल्या उत्पन्न’ शोधणारा भला माणूस या एका वाक्याला लाजतो आणि पैसे पाठवतो. मग मालक सर्व्हरचे भाडे थांबवतो आणि ॲशबर्नकरांची मोदकांवरची वासना एका रात्रीत उडते. जाहिरात कंपनीला यंत्रांचे क्लिक सापडले तर ती पैसे कापते, खातेही बंद करते. यावर मालकाचे उत्तर तयार: ‘माझ्या वेळी चांगले चालले होते.’ आणि या वेबसाइटवरच्या पाककृती कुणाच्या? तीनशे खऱ्या वाचकांसाठी वाटीवाटीचे माप मोजून, फोटो काढून लिहिणाऱ्या कुण्या बाईंच्या. मजकूर चोरला, मापे चोरली, ‘माझ्या सासूबाई म्हणायच्या’ हेसुद्धा चोरले! त्या बाईंच्या तीनशे माणसांना बाजारात भाव शून्य, भाड्याच्या यंत्रांना तीस पट. ही चोरी आहे. तिला ‘डिजिटल मालमत्ता’ म्हणणाऱ्या दलालांनी आधी स्वतःचे कमिशन परत करावे.

तेव्हा विकत घ्यायचीच असेल तर स्क्रीनशॉट परत पाठवा. अ‍ॅनालिटिक्समध्ये स्वतः शिरा, निदान वर्षभराचे आकडे पाहा. सर्च कन्सोलमध्ये शोधातून किती माणसे आली ते ताडून बघा. सर्व्हरचे लॉग मागा, जाहिरातीचे पैसे बँकेत खरोखर किती जमले ते मागा. आणि मालकाने ‘विश्वास नाही का?’ विचारले, तर ‘नाही’ म्हणा.