आहेर उलटून बघावा

हाताने केलेली वस्तू भेट द्यायची असेल तर ती हाताने काहीतरी करणाऱ्यालाच द्यावी, बाकीच्यांना पाकीट द्यावं, असं माझं ठाम मत आहे. मत तुसडं आहे, कबूल. पण दहिसरमध्ये राहून वेगळं मत होणं कठीण. पूर्वेचा रावळपाडा घ्या नाहीतर पश्चिमेचा कांदरपाडा, दर इमारतीत निदान एक घर असं असतंच, जिथे क्रोशाची सुई, गोधडीचे तुकडे, क्विलिंगच्या पट्ट्या, नाहीतर हल्ली नव्याने आलेलं रेझिन जेवणाच्या टेबलावर पसरलेलं असतं आणि घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवत असतात. या घरांत वस्तू तयार होण्याचा वेग आणि घराचं क्षेत्रफळ यांचा मेळ कधीच बसत नाही. वन बीएचकेत तोरणं लावून लावून किती लावणार? दारं चार, त्यातलं एक न्हाणीघराचं. त्यामुळे देणं हा या मंडळींचा स्वभाव असतो की नाइलाज, हे सांगणं अवघड. वस्तू घराबाहेर पडते एवढं खरं, आणि पडते ती बहुधा चुकीच्या घरात.

चुकीच्या घरात तिचं काय होतं, याचा अंदाज अर्थशास्त्राने देऊन ठेवला आहे. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला. मिळालेली वस्तू स्वतःच्या पैशाने घ्यायची असती तर किती मोजले असते, असं त्याने विद्यार्थ्यांना विचारलं आणि निष्कर्ष काढला की भेटीच्या किमतीतला दहा टक्क्यांपासून एक-तृतीयांशापर्यंतचा भाग देण्याघेण्यातच हवेत विरतो. हे झालं दुकानातल्या वस्तूंचं. हातच्या वस्तूंचा हिशेब त्याने मांडला नाही ते बरंच केलं. समजा, अननसाच्या डिझाइनचा क्रोशाचा टेबलक्लॉथ आहे. दोऱ्याचे पैसे जातात ते जातात, पण खरी किंमत वेळेची. दहिसर ते चर्चगेट तासाभराहून जास्त, आणि गाडी विरारहून भरून आलेली, म्हणजे बसायला मिळेपर्यंत सुई पर्समध्येच. काम सुरू होणार ते अंधेरी गेल्यावर. असे महिनोन्‌महिने खाल्लेला तो टेबलक्लॉथ ज्या घरी जातो, तिथली बाई तो उलगडते, “अय्या, किती गोड!” म्हणते आणि विचारते, “कुठून घेतलास गं?” ती बाई दुष्ट नसते. तिने आजवर जे पाहिलं ते कुठून तरी घेतलेलंच पाहिलं. पुढे त्या टेबलक्लॉथवर काच येते, काचेवर प्लास्टिक येतं आणि प्लास्टिकवर वरणाची वाटी. शिवाय दुकानातला डबा संक्रांतीच्या वाणात पुढे सरकवता येतो, त्याला कोणी ओळखत नाही. हातचा रुमाल सरकवला, तर रथसप्तमीच्या आत तो ज्या घरी पोचेल त्याच घरी तो विणणारी हळदीकुंकवाला आलेली असते.

याउलट तीच वस्तू दुसऱ्या विणणारीच्या हातात पडली, तर ती आधी काय करते? उलटी करते. सुलटी बाजू जगासाठी असते, ती कोणीही बघावी. उलट्या बाजूला खरा जबाब असतो. दोऱ्याची टोकं कुठे दडवली, रंग बदलताना गाठ मारून मोकळं झालं की टोक नीट ओवून घेतलं, एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे जाताना दोरा तसाच फरफटत नेला की इमानाने तोडून पुन्हा सुरू केला, सगळं तिथे कळतं. गोधडी असेल तर ती कोपऱ्यात धावदोरा कसा वळला ते बघते. क्विलिंगचं ग्रीटिंग असेल तर उजेडात तिरकं धरून डिंकाचा डाग शोधते. शिवलेली पिशवी असेल तर सरळ आत हात घालून अस्तर बाहेर ओढते. मग बराच वेळ काही बोलत नाही, आणि शेवटी विचारते, “सुई कितीची घेतलीस?” परक्याला यात कौतुक कुठेच दिसणार नाही. पण “किती गोड” म्हणायला वस्तूकडे बघावंही लागत नाही, सुईचा नंबर विचारायला मात्र आधी टाके बघावे लागतात. “मुक्या खांबांची ओळ कुठेही आवळली नाहीये हं” हे वाक्य ज्या बाईला ऐकायला मिळालं, तिचा महिनोन्‌महिन्यांचा लोकलचा प्रवास वसूल झाला.

इतिहासातला पुरावा हवा असेल तर तो थेट गांधीजींपाशी जातो. नोव्हेंबर १९४७ मध्ये इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचं, ‘जय हिंद’ ही अक्षरं विणलेलं जाळीदार वस्त्र माउंटबॅटन यांच्यामार्फत आहेर म्हणून पाठवलं. लंडनच्या राजवाड्यात सगळे आहेर मांडून ठेवले होते, म्हणजे आपल्या भाषेत रुखवतच. नवरीची आजी राणी मेरी ते बघायला आली आणि हबकली, कारण तिला ती गांधींची लंगोटी वाटली. रुखवतापुढे उभं राहून आजीने नाक मुरडण्याची चाल फक्त आपल्याकडेच आहे असा ज्यांचा समज असेल त्यांनी तो काढून टाकावा. दुसरं उदाहरण याहून सभ्य आहे, पण माझ्या दृष्टीने जास्त केविलवाणं. १९१४ साली दक्षिण आफ्रिका सोडताना गांधीजींनी तुरुंगात स्वतः केलेल्या चपला तिथल्या सरकारातल्या जनरल स्मट्सला भेट दिल्या. स्मट्सने त्या कित्येक उन्हाळे वापरल्या आणि १९३९ साली, गांधीजींच्या सत्तरीच्या निमित्ताने, परत केल्या. एवढ्या मोठ्या माणसाच्या चपलांत उभं राहायची आपली लायकी नाही, असा त्याचा भाव होता. भाव उदात्त आहे. पण ज्याला चामडं कापता येत नाही त्याची गत अशीच होते: आधी वापरतो, मग ओशाळतो, शेवटी परत करतो. त्याच चपला कोल्हापुरातल्या एखाद्या कारागिराला दिल्या असत्या, तर त्याने तळ उलटा करून टाके बघितले असते, पट्ट्याबद्दल एक सूचना केली असती आणि पंचवीस वर्षं मनावर ओझं वागवलं नसतं.

इथे एखादा जाणकार वाचक मला पकडणार. राणी मेरी काही सुई न धरलेली बाई नव्हती. तिने स्वतः भरलेला मोठा गालिचा १९५० साली, देशाला डॉलर मिळावेत म्हणून, विकायला काढला होता आणि तो कॅनडाने घेतला. म्हणजे माझ्या नियमाप्रमाणे सूत अगदी योग्य आजीपुढे गेलं होतं, तरी फजिती झालीच. आक्षेप बिनतोड आहे. त्याने नियम मोडत नाही, पण त्याला एक पोटकलम जोडावं लागतं: वस्तू हातात द्यावी, मांडून ठेवू नये. टेबलावर मांडलेल्या आहेराकडे चार हातांवरून बघणारा कारागीर आणि बघणारा कारकून यांत काही फरक उरत नाही. राजवाड्यातल्या प्रदर्शनात वस्त्र उचलून, उलटं करून, टोकं कुठे गेली ते बघायची सोय कोणाला असणार? ती सोय असती तर ब्रिटिश साम्राज्याच्या अखेरच्या वर्षांत एक तरी संभाषण बरोबरीच्या नात्याने झालं असतं, असं मला उगीचच वाटतं.

दुसरा आक्षेप प्रेमाचा. हातच्या वस्तूत माया असते, ती मोजायची नसते, घेणाऱ्याला कळली नाही तरी पोचते, असं म्हणतात. २०१५ साली युरोपातल्या काही संशोधकांनी दाखवूनही दिलं की ‘हाताने बनवलेलं’ असं लिहिलं की गिऱ्हाइकाला त्या वस्तूत प्रेम भरलेलं आहेसं वाटतं आणि तो जास्त पैसे मोजायला तयार होतो. पण हे गिऱ्हाइकाचं झालं, आणि बिल फाडून घेतलेलं प्रेम जपून ठेवलं जातंच. फुकट आलेल्या प्रेमाबद्दल मला २०१२ सालचा दुसरा अभ्यास जास्त बोलका वाटतो. नॉर्टन, मोशॉन आणि एरिअली यांनी ज्यांना कागदाच्या घड्यांचा गंध नाही अशा लोकांकडून बगळे आणि बेडूक करून घेतले. करणाऱ्यांनी आपापल्या बेडकाला परक्यांच्या कित्येक पट किंमत लावली, आणि इतरांनाही तो तेवढाच मोलाचा वाटेल असं गृहीत धरलं. इतरांना तो चुरगळलेला कागद वाटला. तेव्हा हातच्या भेटीत प्रेम असतं हे मी नाकारत नाही. त्यातलं बरंचसं बेडकावरचं असतं, एवढंच माझं म्हणणं. घेणारा स्वतः कधी बेडूक करून बसलेला असेल तरच तो हे ओळखतो, आणि ओळखूनही माफ करतो.

तिसरा आक्षेप खरा अवघड: बाळाचं काय, नव्या सुनेचं काय? पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसून बसलेल्या मुलीला हलव्याचे दागिने घालतात आणि बोरन्हाणाला बाळाला हलव्याचा मुकुट. हलवा घरी करणं म्हणजे मंद आचेवर परातीत खसखस नाहीतर साबुदाणा घेऊन पाकाचे थेंब सोडत बोटांनी हलवत राहायचं. थंडी कोरडी असेल तर काटा फुलतो. दहिसरच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला नॅशनल पार्कचं जंगल, मग कोरडी थंडी येणार कुठून? तरीही इथे हलवा होतो, काटा येतो, त्याचे हार, बाजूबंद, नथ, हल्ली जावयासाठी हलव्याचा मोबाइलसुद्धा ओवला जातो, आणि ज्याच्या अंगावर ते चढतं तो बाळकृष्ण मुकुटाचं टोक चोखत रडत असतो. यात माझा नियम कुठे बसला? नीट बसला. हे दागिने एका संध्याकाळचे असतात. रात्रीत मुंग्या लागतात, उरलेलं मुलं खाऊन टाकतात, तिसऱ्या दिवशी पुठ्ठा आणि दोरा कचऱ्यात. जपून ठेवायची सक्ती नाही, भिंतीला खिळा मारायचा नाही, देणारी जिन्यात भेटली की दडवायचं नाही. ज्या बायकांनी ही चाल पाडली त्यांना भेटवस्तूचा स्वभाव कुठल्याही अर्थतज्ज्ञाच्या आधी कळला होता. दुपट्याचं आणि कुंचीचं म्हणाल, तर ती बाळाच्या नावाने जातात, पण ती उलटून बघतात दोन्हीकडच्या आज्या. रुखवताचंही तेच. ते मुलीसाठी कधीच नव्हतं, ती वरपक्षाच्या बायकांनी घ्यायची परीक्षा होती. आता रुखवत तयार विकत मिळतं, त्यामुळे परीक्षा उरली आणि पेपर दुसऱ्यानेच लिहिलेला असतो.

राहता राहिला तो आक्षेप, ज्याच्यापुढे माझा नियम थोडा मागे घ्यावा लागतो. करणाऱ्यांनी करणाऱ्यांनाच द्यायचं ठरवलं तर त्यात चढाओढ शिरणार. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ च्या आपल्या निबंधात भेटीमागची तीन बंधनं सांगितली: द्यावं लागतं, घ्यावं लागतं, फेडावं लागतं. फेड बरोबरीची झाली तर ठीक, पण विणणारी बाई बरोबरीत थांबत नाही. पहिलीने क्रोशाची चहाची कोस्टर दिली की दुसरी पर्स विणते, पर्सच्या उत्तरात शाल येते, शालीनंतर पलंगपोस, आणि पलंगपोसानंतर दोघींची मान धरते. शिवाय एकच कला असली की उलट्या बाजूची परीक्षा फार कडक होते. तिने तीन टाके सोडले हे जिला कळतं ती ते विसरत नाही. गणपतीच्या आरतीत टाळ्या वाजवताना तिच्या डोळ्यांपुढे तेच तीन टाके असतात.

उपाय न्यू गिनीजवळच्या बेटांवर सापडतो. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की याने १९२२ च्या आपल्या ग्रंथात तिथल्या ‘कुला’ नावाच्या देवघेवीचं वर्णन केलं आहे. लोक होड्या घेऊन समुद्र ओलांडतात ते शिंपल्यांचे दागिने एकमेकांना द्यायला. लाल शिंपल्यांच्या माळा एका दिशेने फिरतात, पांढऱ्या शंखांची कडी उलट दिशेने. माळेच्या बदल्यात माळ कधीच नाही, नेहमी कडंच. त्यांनी हे कशासाठी ठेवलं ते मानवशास्त्रज्ञ सांगोत, मला त्यात बिल्डिंगमधल्या बायकांची सोय दिसते. क्रोशाच्या बदल्यात क्रोशा देऊ नये. क्रोशावालीने गोधडीवालीला द्यावं, गोधडीवालीने मॅक्रमेवालीला, मॅक्रमेवाल्याला म्हणा हवं तर, पुरुषही करतात आणि त्यांच्या गाठी दिसायला घट्ट असतात. शेजारच्या कलेतल्या माणसाला पाठ किती दुखते हे ठाऊक असतं, उलटी बाजू बघायची सवयही असते, फक्त कुठला टाका सुटला हे त्याला दिसत नाही. श्रम ओळखण्याइतकं ज्ञान आणि चूक न सापडण्याइतकं अज्ञान एकाच माणसात सापडणं दुर्मीळ. ते सांभाळून ठेवावं.

आता प्रश्न उरतो तो सीमारेषेचा. कला कशाला म्हणायचं? क्विलिंगला म्हणायचं आणि लोणच्याला नाही, हे मला पटत नाही. कैऱ्या चिरण्यात, खार घालण्यात, बरण्या उन्हात वाळवण्यात दिवस जातातच. तेव्हा गोधडीच्या बदल्यात लोणच्याची बरणी हा व्यवहार माझ्या नियमात बसतो, आणि माझ्या मते गोधडीवालीचा त्यात तोटाही नाही. अडचण एवढीच की लोणच्याला उलटी बाजू नसते. हातात घेऊन फिरवली तर तेल सांडतं, वास घेऊन काही कळत नाही, चव घेतली तर “अजून मुरायचंय” असं उत्तर तयार असतं. दहिसरच्या पावसाळ्यात बरणीला बुरशी आली की नाही हे गौरी-गणपतीच्या सुमाराला ठरतं, आणि तोवर गोधडी वापरून, धुऊन, वाळत घातलेली असते.