करेक्शनकाका

सकाळची लोणावळा लोकल तळेगावातून हलली की डब्यात दोन गोष्टींची खात्री बाळगावी. एक, खिडकीजवळची जागा आपल्याला मिळणार नाही. दोन, ती ज्याला मिळाली आहे त्याच्या शेजारी करेक्शनकाका बसलेले असणार आणि तो खिडकी सोडून पळायच्या बेतात असणार.

करेक्शनकाका हे कुणा एकाचं नाव नव्हे, ही जमात आहे. वडगावला एक आहेत, कामशेतच्या बाजारपेठेत एक आहेत, लोणावळ्यात तर वॉर्डागणिक सापडतात. वय साठीच्या पुढे. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याशा कंपनीत टाइम ऑफिसला नाहीतर स्टोअर्सला तीस-बत्तीस वर्षं काढलेली. शर्टाच्या खिशाला दोन पेनं: निळं लिहायला, लाल जगायला. आमच्या डब्यातले काका याच जातीचे, आणि हे वर्णन मुख्यतः त्यांचंच आहे.

काकांची आणि इंग्रजीची गाठ पाचवीत पडली, तेव्हा सगळ्यांची तिथेच पडायची. पहिलीपासून इंग्रजी आलं ते पुढे २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना; त्याबद्दल काका अजून हळहळतात, कारण त्यांच्या हिशेबाने त्यांचं चार वर्षांचं व्याकरण बुडालं. ते त्यांनी भरून काढलं तर्खडकरांच्या पाठमालेवर आणि मग रेन अँड मार्टिनवर. १९३५च्या सुमाराचं हे पुस्तक मुळात हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रज साहेबांच्या मुलांसाठी लिहिलेलं. साहेब गेला, त्याची मुलं गेली, पुस्तक आमच्या डोक्यावर राहिलं. यातले रेनसाहेब मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात होते आणि नंतर फ्रेंच फॉरिन लीजनच्या साहसकथा लिहून गाजले, हे मी एकदा काकांना सांगितलं. काकांना ते आवडलं नाही. व्याकरण लिहिणाऱ्या माणसाने वाळवंटातल्या गोळीबाराच्या कादंबऱ्या लिहाव्यात, हे त्यांना हेडमास्तरांना तमाशात पाहिल्यासारखं वाटलं.

त्यांची कॉलेजच्या पोरांसाठीची शिकवणी तळेगावला सुरू होते आणि मळवलीपर्यंत चालते. विषय बहुधा एकच: आर्टिकल्स. ‘नदीच्या आधी द. त्यातून स्वर आला तर दी. दी इंद्रायणी. म्हण. तळ्याच्या आधी काही नाही. पवना लेक. नुसतं. डोंगररांग असेल तर द, द सह्याद्रीज. एकटं शिखर असेल तर नाही.’ पोरगं मोबाइलमधून मान न काढता विचारतं, ‘आणि भुशी डॅम?’ इथे काका थांबतात. रेन अँड मार्टिनमध्ये धरण सापडलेलं नाही. हा प्रश्न गेली तीन वर्षं प्रलंबित आहे. दर पावसाळ्यात अर्धी मुंबई त्या धरणाच्या पायऱ्यांवर बसून भिजून जाते, पण काकांचा निर्णय होत नाही.

खरं म्हणजे मराठीला ही उठाठेव लागत नाही. ‘नदीला पाणी वाढलंय’ म्हटलं तर कोणती नदी, असं वडगावात कुणी विचारत नाही. प्रत्ययांचंही तेच. कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं जोडतात आणि ती ढकलत ढकलत घाट चढवून लोणावळ्याला आणतात. मराठीची गाडी तशी मागून ढकललेली: घरात, टेबलावर, मुंबईहून. इंग्रजी मात्र पुढून ओढणार. आम्ही जन्मभर मागून ढकलायची सवय झालेली माणसं पुढे कोणतं इंजिन लावायचं याच गोंधळात पडतो, आणि म्हणून ‘डिस्कस’च्या पुढे हटकून एक ‘अबाउट’ जोडून देतो. काकांचं म्हणणं, हा गुन्हा आहे. माझं म्हणणं, हा घाट आहे.

पण शिकवणी हा काकांचा जोडधंदा. मुख्य धंदा पाट्यांचा. लोणावळ्यासारखं गाव या माणसाच्या वाट्याला यावं हा नियतीचा न्याय म्हणावा की सूड, मला कळत नाही. इथे एका दुकानाच्या पाटीवर ‘चिल्ड बिअर’ची ‘चाइल्ड बिअर’ झालेली असते, म्हणजे बाळाला मद्य. दुसऱ्या ठिकाणी फज आणि आइस्क्रीमवर ‘डेझर्ट्स’ लिहिताना एक एस वाचवलेला असतो, म्हणजे गिऱ्हाइकाला वाळवंट वाढलं. तिसरीकडे ‘पार्किंग फॉर कस्टमर ओन्ली’ लिहिताना यू आणि ओ यांनी जागा बदलल्या, त्यामुळे ती जागा व्याकरणाच्या दृष्टीने फक्त नाटकवाल्या वेशभूषाकारांसाठी राखीव झाली. काकांनी तिथे स्कूटर लावली नाही. ‘आपल्याला परवानगी नाही,’ असं मालकाला सांगून आले. मालकाने बायकोला विचारलं, ‘काय म्हणत होते गं?’

जुन्या हायवेला, लोणावळ्यात शिरताना, हातात ‘बंगलो ऑन रेंट’चे पुठ्ठे घेऊन पोरं उभी असतात. शनिवारी मुंबईची गाडी दिसली की पुठ्ठा वर. तिथल्या एका पुठ्ठ्यावर काकांचा डोळा होता. त्यावर बी, यू, एन, जी आणि मग थेट एल. मधला ए गायब. शब्द मुळात आपलाच. साहेबाने ‘बंगला’ उचलून नेला, त्याला शेपूट जोडून परत पाठवला, आणि आता त्याच्या पोटातला ए गळला म्हणून आमचे काका रक्त आटवत होते. मी बरोबर होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं.

काकांनी स्कूटर बाजूला घेतली, लाल पेन काढलं. पोरगं वीस-बावीसचं, डोक्यावर गॉगल.

‘बाळ, हे चुकलंय. इथे ए पाहिजे.’

‘हां काका.’

‘हां काय? दुरुस्त कर. शाळा कुठवर झाली?’

‘बारावी. काका, ते मुद्दाम हाय.’

‘मुद्दाम?’

‘मोबाइलवर पब्लिक असंच टाकतंय ना. पहिल्या जाहिरातीत बरोबर टाकलं होतं, तर आपला बंगला गावतच नव्हता कुणाला. मग शेठनी ए काढायला लावला. आता पुठ्ठाबी तसाच केला, म्हंजी सगळीकडं एकच.’

काका बराच वेळ त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिले. चूक अज्ञानातून होते, आळसातून होते, फार तर पेंटरच्या डुलकीतून होते, इथवर त्यांचं शास्त्र गेलेलं होतं. चूक पगारी असू शकते, हे रेन अँड मार्टिनच्या कुठल्याच धड्यात नव्हतं. पोराला त्यांची दया आली असावी. ‘तुमच्यासाठी घालू का ए?’ तो म्हणाला, ‘बॉलपेननी, बारीकसा. शेठला दिसायचा नाय.’ तेवढ्यात गाडी आली, पुठ्ठा वर गेला आणि ए राहिला तो राहिलाच.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ते निर्दय आहेत. एका म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या निधनाची बातमी आली तेव्हा धडाधड ‘रेस्ट इन पीस’ पडू लागले, आणि त्यातल्या निम्म्यांनी शांततेच्या ऐवजी तुकड्याचं स्पेलिंग केलं होतं. काकांनी खाली लिहिलं: ‘कृपया स्पेलिंग तपासावे. प्रस्तुत अर्थ तुकड्यांत विश्रांती असा होतो.’ गेलेल्यांच्या मुलाने ‘थँक्यू अंकल’ म्हणून हात जोडले. ग्रुपवर दोन दिवस अबोला होता. पण त्या रात्री इस्पितळातून देह आणायला पहिले पोचलेले तेच होते, आणि पहाटे खांदा द्यायलाही. हे त्यांनी कुठे लिहिलं नाही.

आता हे काका स्वतः इंग्रजी बोलतात कसं? तर बोलतात, पण ते ऐकायला कुणी थांबलेलं नसतं. मळवली स्टेशनाबाहेर एका गोऱ्या जोडप्याने त्यांना भाजे लेण्यांची वाट विचारली. लोहगडाचं नाव २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून मळवलीला जरा सांभाळूनच उभं राहावं लागतं, कोण कधी काय विचारील नेम नाही. काकांनी डोळे मिटले. ‘यू हॅव टू’ की ‘यू विल हॅव टू’? लेण्यांच्या आधी द येतो का? ‘रीच’च्या पुढे ‘टू’ नाही, हे नक्की. वाक्य आत शिजत होतं. तेवढ्यात रिक्षावाला आला. ‘भाजा केव्ह? कम, कम. सिट. थ्री हंड्रेड ओन्ली. गोइंग कमिंग बोथ.’ जोडपं बसलं, रिक्षा गेली, आणि धुरळा खाली बसल्यावर काकांनी वाक्य पूर्ण केलं. मी साक्षीला आहे, वाक्यात एकही चूक नव्हती. मग म्हणाले, ‘ओन्ली उगाच लावलं. तो आपला च आहे. तीनशेच.’

लेण्यांवरून आठवलं, कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दात्यांचे लेख आहेत, त्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे यवन आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी स्वतःला यवन म्हणवणारा इथे आला, खांबाला पैसे दिले आणि ते इथल्या प्राकृतात कोरून घेतलं. हे सांगितल्यावर दुसरा कुणी भारावला असता. काकांनी विचारलं, ‘त्यात चुका किती?’

मुंबईची पोरं मात्र याच डब्यात ‘अंकल, लोनावला आया क्या?’ म्हणून विचारतात. ळ भर प्रवासात असा पायदळी जातो, आणि काकांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. उलट प्रेमाने सांगतात, ‘नहीं नहीं, अभी मळवली है. लोनावला नेक्स्ट.’

परवा मी त्यांना सांगून टाकलं की तुमच्यावर लिहितोय.

‘इंग्लिशमध्ये?’ त्यांनी खिशाकडे हात नेला.

‘मराठीत.’

हात खाली आला. ‘मग काय, मराठीत कोण चुकतंय! पण दे, लिहून झालं की. मी घरी सावकाश वाचेल. आणि एखादा इंग्लिश शब्द चुकीचा पडला असेल तर तुला फोन करून सांगेल.’

मी ‘वाचेन’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. लोकल मळवलीला थांबली होती. त्यांचं लाल पेन माझ्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर होतं.