प्रकृतीस्वास्थ्यासाठी

शनिवारी बोदलकसा तलावावर गाड्या लागतात. तिरोडा तालुक्यातल्या या पाण्यावर लोक पक्षी बघायला येतात म्हणे. पक्षी अंधार पडायच्या आत घरी जातात, लोक तेव्हा बसतात. त्यांचा तो ‘माहोल’. पलीकडच्या गावचा कुणी मोहाची मारून बांधावर पडला, की तो बेवडा. लिव्हरला मात्र लेबल वाचता येत नाही.

दारूचा आजार ओळखायला मशीन लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे दहा प्रश्न आहेत: किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सकाळी उठल्या उठल्या लागते का, घरच्यांनी कमी करा म्हटलं का... डॉक्टरांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘कधीमधी.’ हेच प्रश्न बायकोला विचारा, तीन मिनिटांत निकाल. पण तिला केबिनबाहेर बसवतात.

मग डोळे पिवळे होईपर्यंत थांबायचं. पिवळे झाले की कावीळ, आणि कावीळ म्हटलं की गळ्यात मंतरलेली माळ. माळ रोज लांब होते. पोटही वाढतं, पण ते पाण्यानं. रक्ताच्या रिपोर्टात लिव्हरच्या एन्झाइम्सपैकी एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट झालेलं असतं, म्हणजे संशय दारूवरच. घरात दोष मात्र हॉटेलातल्या तेलाला.

कुणी शपथ घालून एका रात्रीत दारू सोडवतात. अशी एकदम सुटली की रोज पिणाऱ्याचे हात थरथरतात, झटके येतात, दोन-तीन दिवसांनी भिंतीवर नसलेली माणसं दिसू लागतात. ही जिवावरची वेळ. दवाखान्यात ग्लुकोजच्या आधी जीवनसत्त्व बी-वन देऊन सांभाळायची. आपण त्याला बाहेरचं लागलं म्हणून पुजाऱ्याकडे नेतो. आणि ‘न सांगता दारू सोडवा’ ही भिंतीवरची जाहिरात! चहातून दिलेल्या त्या पुडीत काय आहे, कुणाला ठाऊक? त्यात डायसल्फिरम हे दारू सोडवायचं औषध असलं आणि त्यावर तो प्यायला, तर जीव जाऊ शकतो. लिव्हर आधीच खराब असेल तर ते औषधच तिला बाधू शकतं. वेळेत थांबलं तर चरबी साचलेली लिव्हर काही आठवड्यांत सुधारू लागते. ही बातमी कुठल्या भिंतीवर रंगवलेली दिसत नाही.

सरकारचं निदान वेगळंच. १९४९च्या दारूबंदी कायद्यानं महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, आणि तो मिळतो प्रकृतीस्वास्थ्यासाठी. एका दिवसाचा देशीला २ रुपये, विदेशीला ५. एवढ्या स्वस्तात प्रकृती सांभाळणारी दुसरी योजना मंत्रालयात नसेल. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा मात्र दारूच्या विकाराला आजारात धरतो. आणि आरोग्य विम्याची पॉलिसी? बारीक अक्षरात व्यसनाचे उपचार आणि त्याचे परिणाम, दोन्ही वगळलेले.

तो पाच रुपयांचा परवाना जोडून कुणी लिव्हरचा दावा ठोकून बघायला हवा.